एकाच वजनाचे दोन रुपये

पुण्यात जुन्या वाड्याची वाटणी झाली की कपाटाच्या तळाशी रुपयांचा एक डबा निघतोच, आणि त्यातल्या झाडून सगळ्या नाण्यांना घरचे 'राणीछाप' म्हणतात. डबा पालथा केला की राणी कमी, तिचा मुलगा, नातू आणि पणतूच जास्त. त्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते सन न बघता सगळा ढीग सराफाच्या काट्यावर ओतला की.

सहाव्या जॉर्जचा १९३८चा रुपया घ्या आणि शेजारी त्याचाच १९४४चा ठेवा. वजन दोघांचं ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा. मुकुट घातलेला राजाही तोच. पण पहिल्यात ९१.७ टक्के चांदी आहे आणि दुसऱ्यात निम्मी. बाकी ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. म्हणजे एकात चांदी १०.६९ ग्रॅम, दुसऱ्यात ५.८३. हिशेबाला सोपा म्हणून शंभर रुपये ग्रॅम भाव धरा: एक हजार एकोणसत्तर रुपयांचा, दुसरा पाचशे त्र्याऐंशीचा. काटा यातलं काहीच सांगत नाही.

हे झालं १९४० साली. महायुद्धाच्या धास्तीनं लोक कागदी नोट नको म्हणू लागले आणि चांदीचा रुपया घरात दडवू लागले. चांदी पुरेना, तेव्हा सरकारनं रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. वजन मात्र तेवढंच ठेवलं. १९४७चा वाघाचा रुपया आला तो शुद्ध निकेलचा; त्यात चांदी शोधू नका.

तेव्हा राणी की राजा हा प्रश्नच नाही. व्हिक्टोरिया, एडवर्ड, पाचवा जॉर्ज आणि १९३८चा सहावा जॉर्ज, चौघांच्या रुपयाचा कस एकच. १९४०पासून पुढचे वेगळे काढा. सन झिजलं असेल तर कडा बघा: नव्या रुपयांपैकी बहुतेकांच्या दातेरी कडेत मधोमध एक खाच असते. वापरून गुळगुळीत झालेल्या नाण्यावर पिवळट-तांबूस झाक येते, तीही खूण.

आता विकायचं की ठेवायचं? पैशाची नड असेल तर मी आधी निम्म्या चांदीचे मोडीत काढीन. ते आटवायला सराफालाही जास्त खटपट, म्हणून तो घट जास्त धरतो. भाव चढण्याची वाट बघत सांभाळावेत असं त्यांच्यात फारसं काही नाही. अस्सल कसाचे ठेवीन, कारण ते कधीही, कुठल्याही पेढीवर चांदी म्हणून खपतात. सोन्या मारुती चौकाच्या आसपास दोन-तीन दुकानं फिरा, दर 'नगावर' घेऊ नका. वजन आणि कस लावूनच मागा.

दुर्मीळ म्हणून लाखात जाईल, ही आशा मात्र सोडा. १८६२ वाचून पुष्कळांचे डोळे चमकतात, पण त्याच सनाचे रुपये टांकसाळींनी पुढे दहा-बारा वर्षं पाडले. खरं दुर्मीळ म्हणजे १९३९चा रुपया, आणि त्याच्या नकलाही भरपूर. १९११च्या नाण्यावर राजाच्या गळ्यातल्या साखळीतला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, बोंब झाली, १९१२ला सोंड नीट काढली गेली. तो रुपया संग्राहक चांदीपेक्षा चार पैसे जास्त देऊन घेतात. जुन्या बाजारात राम-सीतेची, १८१८ सालची 'कंपनीची' नाणी मिळतात, ती कंपनीनं कधी पाडलीच नाहीत.

आणि लक्ष्मीपूजनाआधी चिंच-रांगोळीनं घासून लख्ख करायची हौस आवरा. संग्राहकाला तो काळपटपणाच हवा असतो. कडी डाखलेल्या, माळेतल्या रुपयाला मात्र चांदीचाच भाव. तो घासलात तरी चालेल.

लेक अमेरिकेत असेल आणि आठवण म्हणून चार राणीछाप तिच्या बॅगेत घालणार असाल, तर थांबा. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तू ठरतं, ते खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. तिला १९३८चा द्या. कस तोच, आणि शंभरी भरायला अवकाश आहे.