जाड तारेनं बँजोचा आवाज वाढत नाही

गणपती जवळ आले की कोल्हापुरात बँजो पार्ट्यांच्या तालमी सुरू होतात आणि जुना सल्ला पुन्हा फिरतो: "मिरवणुकीत आवाज पाहिजे? जाड तार घाल. तुटणार पण नाही." नव्या पोरांचं यात नुकसान होतं, म्हणून हा खुलासा.

आपला बँजो म्हणजे बुलबुल तरंग, बटणं दाबून वाजवायचं तारवाद्य, १९१२ साली जपानात तयार झालेल्या ताईशोगोतोचा वंशज. चामड्याच्या तोंडाचा अमेरिकन बँजो वेगळा. त्याचे तारांचे सेट इथे आणू नका.

लांबी आणि सूर तोच ठेवून ०.२५ मिलिमीटरच्या जागी ०.३० ची तार लावली, तर ताण ४४ टक्के वाढवावा लागतो. तो सगळा भार खुंट्यांवर आणि लाकडावर येतो, बटणं दाबायला जड जातात, द्रुत लयीत बोटं अडखळतात. ताण वाढवला नाही, तर सूर तीन अर्धस्वरांहून जरा जास्तच उतरतो. पिकअपला (तारेच्या कंपनाचा विजेचा सिग्नल करणाऱ्या भागाला) जाड पोलादी तारेतून सिग्नल थोडा जास्त मिळतो, हे खरं. पण मिरजकर तिकटीच्या गर्दीत ऐकू जातो तो अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर.

तुटण्याचं म्हणाल, तर त्याच सुराला दर चौरस मिलिमीटरवरचा ताण दोन्ही तारांत सारखाच असतो. तार बहुधा गंजानं किंवा घोडीवरच्या (तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीवरच्या) धारदार खाचेनं तुटते. आधी ती खाच बारीक पॉलिश पेपरनं घासा.

आणि चुंबकी पिकअप असेल तर पोलादीच तार घ्या. निव्वळ पितळेची तार त्याला जवळजवळ ऐकूच येत नाही.