डिमेन्शिया आणि वैद्यकीय इच्छापत्र: कोणाला करता येतं, कागद कोणते, फॅमिली डॉक्टरांनी काय करावं

डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं, निदान झालं की घरात पहिली धावपळ होते ती बँकेची आणि फ्लॅटच्या कागदांची. पुढे गिळता येईनासं झालं तर नाकातून नळी घालायची का, व्हेंटिलेटर लावायचा का, हे ज्याचं त्याला कुणी विचारत नाही. विचारायला हवं ते सुरुवातीच्या काही महिन्यांतच.

सुप्रीम कोर्टाने ९ मार्च २०१८ च्या ‘कॉमन कॉज’ निकालात वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजेच लिव्हिंग विलला, मान्यता दिली. पुढे स्वतः सांगता येईनासं झालं तर कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवलेला हा कागद. तेव्हाची प्रक्रिया इतकी किचकट होती, की न्यायदंडाधिकाऱ्यांची सही मिळवता मिळवताच माणूस थकावा. २४ जानेवारी २०२३ ला कोर्टाने ती सोपी केली.

इच्छापत्र करणारी व्यक्ती सज्ञान हवी आणि आपण काय लिहून देतोय, त्याचा परिणाम काय, हे तिला समजायला हवं. निदान झालं म्हणजे ही क्षमता संपली असं नव्हे. आज वार कोणता हे न आठवणारे आजोबा ‘मला नळ्या नकोत, घरीच राहू द्या’ हे स्वच्छ सांगू शकतात, आणि पुढच्या भेटीतही तेच सांगत असतील तर ते गांभीर्याने घ्यावं. स्मरणशक्तीच्या चाचणीतले गुण एवढ्यावर हा निर्णय होत नाही.

इथे फॅमिली डॉक्टरांचं काम सुरू होतं. दवाखान्यात हमखास घडतं ते असं: डॉक्टर विचारतात, ‘काकू, पुढे काय करावंसं वाटतं?’ काकू मुलाकडे बघतात आणि उत्तर मुलगाच देतो. त्याला दोन मिनिटं बाहेर बसवावं. पेशंट ताजातवाना असेल अशी वेळ ठरवावी, एका वेळी एकच प्रश्न विचारावा आणि उत्तर तिच्याच शब्दांत केसपेपरवर तारखेसह लिहावं. त्या दिवशी तिला विषय समजत होता, अशी नोंदही करावी. कायद्याची तशी सक्ती नाही, पण भावंडांत वाद झाला की हीच नोंद उपयोगी पडते. नळीबद्दल खरं सांगावं: डिमेन्शियाच्या शेवटच्या टप्प्यात नळीने आयुष्य वाढतं असा पुरावा नाही, हाताने सावकाश भरवणं हा पर्याय असतो.

कागद लेखी हवा. कोणत्या परिस्थितीत कोणते उपचार नकोत किंवा थांबवावेत, हे मोघम न लिहिता स्पष्ट लिहावं. आपल्याला बोलता येईनासं झाल्यावर निर्णय कोण घेईल त्या नातेवाइकाचं किंवा पालकाचं (गार्डियनचं) नाव त्यात हवं. एकाहून जास्त नावंही चालतात. परिणाम समजले आहेत आणि हे केव्हाही रद्द करता येतं, हेही नमूद करावं. दोन साक्षीदार लागतात, शक्यतो घराबाहेरचे. मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन. ओळखपत्र सोबत ठेवा. एक प्रत नेमलेल्या नातेवाइकाला, एक फॅमिली डॉक्टरांना, एक महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याला. तिथल्या खिडकीवर ‘असं काही आमच्याकडे नसतं’ हे ऐकायची तयारी ठेवा, आणि लेखी पोच घ्याच.

मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) आहे म्हणून निर्धास्त राहू नका. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, ते देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारी संपते. मुलांना हे कळतं ते नेमकं गरज पडते तेव्हा.

इच्छापत्र आहे म्हणून हॉस्पिटल लगेच उपचार थांबवत नाही. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ यांचं पहिलं मंडळ आधी मत देतं, मग दुसरं मंडळ. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचवलेला एक डॉक्टर असतो. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावं, असं कोर्टाने म्हटलंय. प्रत्यक्ष थांबवण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवलं जातं.

क्षमता गेल्यानंतर कुणालाही दुसऱ्याच्या वतीने इच्छापत्र करता येत नाही. तेव्हा हीच दोन मंडळं जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने ठरवतात, आणि त्यांच्यापुढे पेशंटच्या मनातलं ठेवायला केसपेपरवरच्या त्या जुन्या नोंदीच उरतात.