सायकल : वापर आणि सुरक्षितता (कोल्हापूर)

कोल्हापूर शहर व लगतच्या गावांत कामाला जाण्यासाठी, दूध-वैरण नेण्यासाठी आणि व्यायामासाठी होणारा सायकलचा वापर व त्यातील धोके टाळण्याच्या रीती. रंकाळ्यापासून ताराराणी चौकापर्यंतचे अंतर चार-पाच किलोमीटर. ताशी १५ किलोमीटरच्या निवांत वेगाने ते वीस मिनिटांत कापले जाते. जाऊन-येऊन आठवड्याचे पाच दिवस हा पल्ला मारला, तर २०० मिनिटांचा व्यायाम होतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली आठवड्याची किमान मर्यादा १५० मिनिटे मध्यम व्यायामाची आहे. नवरात्रात अंबाबाई मंदिराच्या आसपास गाडी लावायला जागा शोधण्याचा त्रास वाचतो, तो फायदा वेगळाच.

दुधाचा रतीब घालणाऱ्यांची जुनी २८ इंची काळी सायकल अजून अधूनमधून दिसते. दहा लिटरचे दोन कॅन म्हणजे वीस किलोंच्या वर भार. तो कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना सारखा आणि शक्य तितका खाली असावा. हँडलला अडकवलेला कॅन वळताना झोका घेतो आणि पुढचे चाक खेचतो. वैरणीचा भारा आडवा बांधला तर तो हँडलपेक्षा रुंद होतो व मागचा रिफ्लेक्टर झाकतो. म्हणून भारा उभा बांधून त्याच्या टोकालाच लाल दिवा लावणे बरे.

निघण्यापूर्वी हवा, ब्रेक आणि चेन या क्रमाने तपासणी करावी. दोन मिनिटे पुरतात. योग्य दाब टायरच्या कडेवर छापलेला असतो. साध्या जाड टायरला साधारण ४० ते ५० पीएसआय, हायब्रिड सायकलच्या ३५ मिमी टायरला ६० ते ७० चालतो. हवा कमी असताना खड्ड्यात चाक आपटले की ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. घाईत एकच बुजवले जाते आणि हवा पुन्हा जाते. म्हणून पॅच लावल्यावरही ट्यूब पाण्याच्या घमेल्यात पूर्ण फिरवून बुडबुडे पाहावेत, आणि टायरच्या आतून बोट फिरवून काटा किंवा काच राहिली नाही ना ते बघावे.

ब्रेक पूर्ण दाबल्यावर दांडी हँडलला टेकता कामा नये, मध्ये बोटभर जागा उरली पाहिजे. ब्रेकचे रबर रिमवर पूर्ण बसावे. ते टायरला घासत असेल तर काही दिवसांत टायरची कड कापते. चेन मध्यभागी वर-खाली सुमारे अर्धा इंच हलावी. चेनला गाडीचे जळके ऑइल लावण्याची सवय फार जुनी आणि तितकीच चुकीची : त्यातली घाण व धातूचा चुरा कड्यांत बसून चेन आणि फ्रीव्हील दोन्ही झिजवतो.

पेठांतल्या अरुंद गल्ल्यांत वेग कमी असला तरी अडचणी अनपेक्षित असतात. लावलेल्या गाड्यांपासून मीटरभर अंतर ठेवावे, कारण दार अचानक उघडते. पुढची रिक्षा प्रवासी दिसताच डावीकडे वळून थांबते, म्हणून तिच्या डाव्या बाजूने घुसू नये. सायकलस्वाराला कायद्याने हेल्मेट सक्तीचे नाही, पण वापरणे शहाणपणाचे आहे. ते भुवईच्या दोन बोटे वर बसावे. मागे सरकवून घातलेले हेल्मेट कपाळाच्या कामाचे नाही. डायनामोचा दिवा चाक थांबले की विझतो, म्हणजे रात्री नेमके सिग्नलला उभे असताना सायकल दिसत नाही. मागे बॅटरीचा लाल दिवा वेगळा हवाच.

पावसाळ्यात ओल्या स्टील रिमवर ब्रेक लागायला कोरड्याच्या दुप्पट-तिप्पट, कधी त्याहून जास्त अंतर लागते. थांबण्याच्या बऱ्याच आधी ब्रेक हलके धरावेत. रिमवरचे पाणी पुसले गेले की पकड येते. गटारावरच्या लोखंडी जाळीच्या फटी चाकाच्या दिशेत असतील तर चाक आत जाते. परीख पुलाखाली पाणी साठले असता खाली खड्डा आहे की झाकण उघडे आहे हे कळत नाही. उतरून फुटपाथने किंवा दुसऱ्या वाटेने जावे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पातळी त्या दिशेने चढू लागली की नदीकाठचे रस्ते सोडावेत. पुराच्या पाण्यातून काढलेली सायकल नुसती धुऊन चालत नाही : दोन्ही हब व पायडलचा एक्सल उघडून छर्रे रॉकेलने किंवा डिझेलने धुवावे लागतात आणि नवे ग्रीस भरावे लागते.

जिल्ह्यातला सर्वांत मोठा धोका मात्र पाऊस संपल्यावर येतो. गळीत हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, उसाचे ट्रॅक्टर रात्रंदिवस रस्त्यावर असतात. कसबा बावड्यात तर कारखाना शहरातच आहे. ट्रॅक्टरमागे बहुधा दोन ट्रॉल्या असतात आणि वळताना मागची ट्रॉली पुढच्या चाकांच्या रेषेत न येता आतल्या बाजूला सरकते. म्हणून वळणाऱ्या ट्रॅक्टरच्या आतल्या बाजूला कधीही उभे राहू नये. उसाची टोके ट्रॉलीबाहेर डोळ्यांच्या उंचीवर आलेली असतात. ओव्हरटेक करायचेच तर उजवीकडून, पुढे सरळ मोकळा रस्ता दिसत असताना; चढावर अजिबात नाही, कारण तिथे ट्रॉली मागे घसरू शकते. चालकाने गाणी मोठ्याने लावलेली असतात, त्यामुळे घंटी ऐकू येईल असे गृहीत धरू नये. रस्त्यावर पडलेला ऊस आडवा ओलांडता येतो, तिरपा नाही. तिरपे चाक त्यावरून घसरते. रस्त्यालगत बंद पडलेल्या ट्रॉलीला अनेकदा रिफ्लेक्टर नसतो, म्हणून गावाबाहेर रात्री पुढचा दिवा रस्ता दिसण्याइतका प्रखर हवा.

सुट्टीच्या दिवशी पन्हाळा व जोतिबा या चढांवर सायकलस्वारांची गर्दी असते. चढ दमवतो, पण धोका परतीच्या उतारावर. वाघबीळच्या घाटात ब्रेक सतत धरून ठेवल्यास रिम तापते आणि रबराची पकड कमी होते. वळणाआधी, सायकल सरळ असतानाच, दोन्ही ब्रेक जोर वाढवत दाबून वेग कमी करावा व मग सोडावेत. उतरण्याआधी वर थांबून ब्रेकची तार हँडलजवळ तुटायला आलेली नाही ना ते पाहावे. ती बहुधा तिथेच, एकेक धागा करून तुटते.