हानेनकाम

ऑस्ट्रियातील तिरोल प्रांतात, किट्झब्यूल गावाला लागून असलेला डोंगर. उंची १,७१२ मीटर. आल्प्सच्या मानाने तो ठेंगणाच. पण डाउनहिल स्की शर्यतीत याच्या उताराइतका दरारा क्वचितच दुसऱ्या कुठल्या उताराचा असेल. येथील पहिली हानेनकाम शर्यत १९३१ साली झाली. आजच्या डाउनहिल मार्गाला ‘श्ट्राइफ’ म्हणतात. त्याची लांबी ३,३१२ मीटर असून तेवढ्यात ८६० मीटर खाली उतरावे लागते. फ्रिट्झ श्ट्रोबलने १९९७ मध्ये हे अंतर १ मिनिट ५१.५८ सेकंदांत कापले.

गावातून वर जायला रोपवे आहे. मूळ रोपवे १९२८ चा. आताच्या डब्यांवर शर्यतीच्या विजेत्यांची नावे झळकतात. वरच्या स्थानकाजवळच शर्यत सुरू होते तो माथा आहे आणि डोंगराची खरी ओळख इथेच होते. टीव्हीवर हा उतार बराच सौम्य भासतो. प्रत्यक्षात सुरुवातीनंतर काही सेकंदांतच ‘माउझेफाले’ हा कडा येतो. तेथील उतार ८५ टक्के, म्हणजे आडवे १०० मीटर जाईतो ८५ मीटर खाली. स्पर्धक इथून हवेतच झेपावतात. लगेच पुढे ‘श्टाइलहांग’चे बर्फाळ वळण. त्यातून बाहेर पडताना वेग थोडा जरी घटला, तरी पुढच्या सपाट पट्ट्यात तो भरून निघत नाही. कित्येकांची शर्यत इथेच हातची जाते. शेवटी ‘हाउसबर्गकांटे’वरून उडी, पाय थकलेले असताना तिरका उतार आणि मग ताशी सुमारे १४० किलोमीटर वेगाने गावाच्या दिशेने मुसंडी.

हौशी स्कीपटूंनी अवघड टप्पे टाळून जाणारा ‘फॅमिली श्ट्राइफ’ घ्यावा. उन्हाळ्यात हाच उतार पायी उतरता येतो आणि चढउताराचा अंदाज घ्यायला तोच मार्ग उत्तम, कारण प्रत्येक टप्प्यावर थांबून पाहता येते. वाटेतल्या झाइड्लआल्म या डोंगरी घरात १९६६ साली स्की विश्वचषकाची कल्पना आकाराला आली. पुढच्याच वर्षी तो सुरू झाला.

शर्यत जानेवारीत भरते. त्या दिवसांत गावात पाय ठेवायला जागा नसते, खोल्या फार आधी संपतात. गाडीऐवजी रेल्वेने यावे. ‘किट्झब्यूल हानेनकाम’ हे स्थानक रोपवेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.