हृदयातला व्रण आणि बिघडलेली लय

हार्ट अटॅकमधून माणूस वाचला की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘पंपिंग किती टक्के आहे?’ प्रश्न योग्यच आहे. पण अटॅकनंतर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी रुग्ण अचानक दगावतो, तेव्हा बऱ्याचदा ठोक्यांची लय एकाएकी बिघडलेली असते. त्या बिघाडाचं मूळ असतं अटॅकने मागे ठेवलेल्या व्रणात.

मोठ्या अटॅकमध्ये हृदयाच्या अब्जभर स्नायूपेशी मरू शकतात, आणि त्या त्वचेसारख्या भरून येत नाहीत. स्वीडनमधल्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने २००९ मध्ये याचा हिशोब मांडला. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला कार्बन-१४ हा किरणोत्सर्गी कार्बन माणसांच्या पेशींतल्या डीएनएमध्येही उतरला होता. त्यावरून त्यांनी पेशींचं वय काढलं. पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का स्नायूपेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत त्याच्या निम्म्याहून कमी. एवढ्या संथपणे अब्जाची भरपाई होणं शक्य नाही. म्हणून शरीर ती जागा कोलॅजन या चिवट, तंतुमय प्रथिनाने बुजवतं. त्यामुळे हृदय फाटत नाही, हा व्रणाचा मोठाच उपकार.

पण व्रणातून वीज वाहत नाही. त्यातच तो सलगही नसतो. त्याच्या कडेला जिवंत स्नायूचे बारीक धागे अडकून राहतात. ठोक्याची विद्युतलहर या धाग्यांतून रेंगाळत जाते. ती पलीकडे बाहेर पडेपर्यंत भोवतालचा स्नायू पुन्हा उत्तेजित व्हायला तयार झालेला असतो. मग तीच लहर वळसा घालून परत आत शिरते आणि गोल गोल फिरत राहते. ठोके मिनिटाला दीडशे-दोनशेवर जातात. डॉक्टर याला ‘व्हीटी’ म्हणतात. यातून पुढे हृदय नुसतं थरथरू लागलं, तर मेंदूला रक्त मिळणं थांबतं.

आयसीडी हे छातीत बसवलेलं यंत्र अशा वेळी शॉक देऊन जीव वाचवतं, पण लय बिघडल्यानंतर. अॅब्लेशनमध्ये लहरीची वाट जाळून बंद करतात, म्हणजे व्रणात आणखी थोडा व्रण. औषधंही आहेत. मात्र व्रण कमी करणारं यात काहीच नाही, आणि हृदयात पेशी टोचून करायच्या पेशी-उपचारांकडून खरी आशा आहे ती इथे.

सुरुवात मात्र उलटी झाली. २००० मध्ये पॅरिसच्या फिलिप मेनाशे यांनी रुग्णाच्याच मांडीच्या स्नायूतल्या पेशी वाढवून हृदयात टोचल्या. त्या तिथे जगल्या, पण शेजारच्या पेशींशी विजेने जोडल्याच गेल्या नाहीत. त्यासाठी लागणारं कनेक्सिन-४३ हे प्रथिन त्यांच्यात नव्हतं. काही रुग्णांना व्हीटी सुरू झाला. पुढच्या मोठ्या चाचणीत प्रत्येकाला आधीच आयसीडी बसवावा लागला. २०१४ मध्ये सिएटलच्या चार्ल्स मरी यांच्या गटाने मूलपेशींपासून (स्टेम सेल, म्हणजे इतर प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या पेशी) बनवलेल्या मानवी हृदयपेशी माकडांना दिल्या. या पेशी खरोखर जोडल्या गेल्या, पण अपरिपक्व असल्याने स्वतःच ठोके काढू लागल्या. दिंडीत एका घोळक्याने टाळांचा वेगळाच ठेका धरावा, तसं झालं. आता त्यांच्या जनुकांत बदल करून हा हट्ट मोडायचे प्रयोग चालू आहेत.

मला जास्त भरवशाची वाटते ती लॉस एंजेलिसच्या सीडार्स-सायनायमधली वाट. तिथल्या एदुआर्दो मार्बान यांच्या गटाने रुग्णाच्या हृदयाचा छोटा तुकडा घेऊन त्यातल्या पेशी वाढवल्या आणि परत त्याच्याच हृदयात सोडल्या. २०१२ मध्ये आलेल्या निकालात, वर्षभरात व्रण डाव्या कप्प्याच्या साधारण २४ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आला होता. पंपिंग मात्र फारसं बदललं नाही. पुढे दात्याच्या पेशी वापरून केलेल्या मोठ्या चाचणीत व्रणही कमी झाला नाही, हेही सांगायलाच हवं.

तरी एक गोष्ट हाती लागली. टोचलेल्या पेशी हृदयात फार काळ टिकतच नाहीत. परिणाम होतो तो त्यांनी सोडलेल्या एक्झोसोम नावाच्या नॅनोमीटरमधल्या पिशव्यांमुळे. त्यांत आरएनए या जनुकीय संदेश वाहणाऱ्या रेणूचे तुकडे असतात, आणि ते भोवतालच्या पेशींचं वागणं बदलतात. याच संस्थेच्या युजेनियो सिंगोलानी आणि सहकाऱ्यांनी अटॅक आलेल्या डुकरांच्या हृदयात नुसते एक्झोसोम टोचले. २०२२ मध्ये त्यांनी कळवलं की व्रण घटला, विद्युतलहर अधिक एकसारखी वाहू लागली आणि व्हीटी उद्भवण्याचं प्रमाण कमी झालं. नवी पेशीच नाही, त्यामुळे बेसूर ठोक्याचा धोकाही नाही. डुकराचं हृदय आकाराने आणि रचनेने आपल्या जवळचं असतं, म्हणून या निकालाला वजन आहे. पण रुग्णालयात देण्यासारखं औषध अजून झालेलं नाही.

तरीही ‘स्टेम सेलने हृदय नवं’ अशा जाहिराती दिसतातच, आणि घाबरलेली कुटुंबं त्यांवर दागिने मोडून लाखो रुपये घालतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हृदयासाठी मूलपेशी-उपचार फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. आपल्या माणसाला असा उपचार कुणी सुचवला, तर चाचणीचा सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा. तो सीटीआरआयच्या संकेतस्थळावर टाकला की चाचणी कोण, कुठे आणि कशासाठी करतंय हे कुणालाही फुकट वाचता येतं.