२००५ चा अटलांटिक हरिकेन सीझन

हरिकेन म्हणजे चक्रीवादळच, अटलांटिकमध्ये त्याच्या वाऱ्याचा वेग ताशी ११९ किमी किंवा त्याच्या वर गेला की त्याला हरिकेन म्हणतात. तिथला सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरतात, पण २००५ चा सीझन थांबायलाच तयार नव्हता, शेवटचं झीटा नावाचं वादळ ३० डिसेंबरला तयार झालं आणि ६ जानेवारी २००६ पर्यंत समुद्रात फिरत होतं. एकूण २८ वादळं, त्यातली १५ हरिकेन, आणि एमिली, कॅटरीना, रीटा, विल्मा ही ४ थेट कॅटेगरी ५ ला, म्हणजे वाऱ्याच्या वेगावरून ठरणाऱ्या १ ते ५ या श्रेणींतल्या सगळ्यात वरच्या श्रेणीला पोचलेली. २१ नावांची यादी ऑक्टोबरमध्येच संपली म्हणून पुढच्या वादळांना अल्फा, बीटा अशी ग्रीक अक्षरं द्यावी लागली, असं आधी कधीच झालं नव्हतं. वादळांच्या एकूण संख्येत २०२० ने नंतर हा सीझन मागे टाकला, पण १५ हरिकेनचा रेकॉर्ड अजून २००५ चाच आहे.

कारणं बरीच एकत्र आली. समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा गरम होतं, आणि वादळाला तोडून टाकणारा विंड शिअर, म्हणजे खालच्या आणि वरच्या हवेतल्या वाऱ्यांमधला फरक, तोही कमी होता. त्यात मेक्सिकोच्या आखातात लूप करंट नावाचा प्रवाह आहे, त्याचं गरम पाणी खूप खोलपर्यंत असतं त्यामुळं वादळानं समुद्र घुसळला तरी खालून गारवा वर येत नाही, कॅटरीना आणि रीटा दोन्ही त्यावरूनच जाताना भडकली.

कॅटेगरी हा आकडा फक्त वाऱ्याचा असतो हे मात्र नीट समजून घ्यायला हवं, कारण या सीझनमध्ये बहुतेक माणसं वाऱ्यानं गेली नाहीत, पाण्यानं गेली. कॅटरीना २८ ऑगस्टला आखातात ताशी २८० किमीवर होती, २९ ला लुइझियानाच्या किनाऱ्याला लागली तेव्हा कॅटेगरी ३ वर उतरलेली, पण समुद्रात असताना तिनं जे पाणी पुढं ढकललं होतं ते काही वाऱ्याबरोबर कमी झालं नाही. शेजारच्या मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावर ८ मीटरच्या वर पाणी चढलं. वारा पाणी किनाऱ्याकडे रेटतो आणि समुद्र उथळ असेल तर त्या पाण्याला खाली जायला जागाच नसते मग ते जमिनीवर येतं, यालाच स्टॉर्म सर्ज म्हणतात.

लुइझियानातल्या न्यू ऑर्लिन्सची गोष्ट तर आणखी वाईट. शहराचा मोठा भाग समुद्रसपाटीच्या खाली, भोवती बंधारे आणि कालव्यांच्या काँक्रीटच्या भिंती. काही ठिकाणी पाणी भिंतीच्या वरून गेलं, पण १७व्या स्ट्रीटच्या कालव्याची भिंत पाणी वरपर्यंत पोचायच्या आधीच सरकली, डिझाइनमध्येच चूक होती आणि ते बांधणाऱ्या अमेरिकी लष्कराच्या इंजिनिअर विभागानं २००६ मध्ये मान्यही केलं. शहराचा सुमारे ८०% भाग पाण्याखाली गेला. शहर सोडायचा सक्तीचा आदेश आदल्या दिवशी निघाला होता आणि ज्यांच्याकडे गाड्या होत्या ते बरेचसे निघूनही गेले, मागं राहिले ते गाडी नसलेले, पैसे नसलेले, म्हातारे, आजारी. माळ्यावर चढून छप्पर फोडून लोकं बाहेर आली. हजारो जण सुपरडोम स्टेडियममध्ये दिवसेंदिवस पाणी-विजेविना अडकले. मृतांचा आकडा बरीच वर्षं १,८३३ सांगत, २०२३ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल हरिकेन सेंटरनं तो सुधारून १,३९२ केला, आणि दगावलेल्यांत वयस्कर माणसं फार जास्त होती.

हे सगळं टीव्हीवर बघितलेल्या ह्यूस्टनच्या भागातली २५ लाखांच्या आसपास लोकं रीटा येतेय म्हटल्यावर एकदमच रस्त्यावर आली. उन्हात तासन्‌तास जॅम, पेट्रोल संपलेलं. या पळापळीत १०० च्या वर माणसं गेली, वादळाच्या थेट तडाख्यात गेली त्याच्या कितीतरी पट, त्यात वृद्धाश्रमातल्या २३ जणांचा डॅलसजवळ बसला आग लागून मृत्यू झाला. म्हणजे शहर रिकामं करणं हेसुद्धा नीट आखावं लागतं, नुसता आदेश काढून भागत नाही.

स्टॅन तर फक्त कॅटेगरी १ चं होतं. पण ते आणि त्याच्या जोडीचा मोठा पावसाचा पट्टा यामुळं ग्वातेमालात डोंगर खचले, आतित्लान तलावाजवळचं पानाबाह गाव चिखलाखाली गेलं, शेकडो माणसं गाडली गेली. हे गाव समुद्रकिनाऱ्यावर नव्हतंच.

वादळाच्या मध्यभागी हवेचा दाब जितका कमी तितकं ते जोरदार, आणि विल्मानं १९ ऑक्टोबरला ८८२ मिलिबार इतका कमी दाब गाठला, अटलांटिकमध्ये याहून कमी कधी मोजलेला नाही. मेक्सिकोच्या इस्ला मुहेरेस बेटावर २४ तासांत १,६०० मिमीच्या वर पाऊस पडला.

डेनिस, कॅटरीना, रीटा, स्टॅन आणि विल्मा या वादळांनी फार हानी केली म्हणून ही ५ नावं पुन्हा वापरणार नाहीत. नंतर अमेरिकेत वादळाच्या कॅटेगरीतून सर्जची उंची काढून टाकली, म्हणजे लोकं १ किंवा २ आकडा ऐकून निर्धास्त राहू नयेत, आणि २०१७ पासून स्टॉर्म सर्जची वेगळी वॉर्निंग देतात. कॅटरीनाच्या वेळी कुत्र्या-मांजरांना सोडून जायचं नाही म्हणून बरेच जण घरातच थांबले होते, त्यामुळं २००६ मध्ये कायदा झाला की शहर रिकामं करायच्या प्लॅनमध्ये पाळीव प्राण्यांचीही सोय धरायची.