विसरण्याची तपासणी: येताना काय आणावं, इथे काय होतं, औषधाने काय होतं

स्मृतिविकार चिकित्सालयात पहिल्यांदा येणाऱ्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे इतकी रुळली आहे की अनेक घरांत आजाराची पहिली काही वर्षं तिच्या आडोशाला निघून जातात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या शंभर माणसांपैकी साधारण सात जणांना स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, आहे. उरलेल्या त्र्याण्णव जणांना तो नाही. म्हणजे तो निव्वळ वयाचा भाग नाही. त्याला कारण असतं आणि ते शोधता येतं. ते शोधताना सर्वात जास्त उपयोग होतो तो घरच्यांनी नीट सांगितलेल्या हकिगतीचा. एमआरआयचा नंबर त्यानंतर लागतो. या पत्रकाचा बराचसा भाग ती हकिगत नीट सांगता यावी यासाठीच आहे.

साधं विसरणं आणि काळजीचं विसरणं

चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणं, ओळखीच्या माणसाचं नाव ऐनवेळी न आठवणं आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवणं, हे वयाबरोबर येतं. यात आठवण आत असते, फक्त बाहेर यायला वेळ लावते.

काळजीचं विसरणं वेगळं. तासाभरात तोच प्रश्न चौथ्यांदा विचारणं, आणि आधी विचारला होता हेही ध्यानात नसणं. विजेचं बिल दोनदा भरणं. चाळीस वर्षं ज्या मंडईतून भाजी आणली तिथून परतताना वळण चुकणं. पूर्वी डोळे मिटून पुरण शिजवणाऱ्या काकूंना आता डाळ आधी की गूळ आधी हे ठरवता न येणं. आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो: दोन वर्षांपूर्वी जे काम सहज जमायचं त्यातलं आज काय जमत नाही? रोजच्या कामात अडचण येत असेल तरच त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात. चाचणीत गुण कमी पण कामं सगळी नीट, अशा स्थितीला सौम्य बोधनक्षीणता म्हणतात. ती सगळ्यांचीच पुढे सरकते असं नाही.

तक्रार कोण करतं याकडेही आमचं लक्ष असतं. स्वतःच्या विसरण्याची यादी घेऊन एकटे येणारे बरेचदा झोप, चिंता किंवा नैराश्यामुळे त्रासलेले निघतात. घरचे घेऊन येतात आणि रुग्ण ‘मला काही झालेलं नाही’ म्हणतो, तेव्हा आम्ही जास्त सावध होतो.

दोन-चार दिवसांत एकदम गोंधळ सुरू झाला असेल, माणूस बरळत असेल किंवा गुंगीत असेल, तर आमची तारीख घेऊ नका, थेट रुग्णालयात न्या. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, रक्तातलं सोडियम उतरणं (रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत हे बऱ्याचदा होतं), पक्षाघात, डोक्याला मार लागून झालेला रक्तस्राव, यांतलं काहीही असू शकतं. ती तातडीची बाब आहे.

येताना

रोज सोबत असणारं माणूस आणा. परदेशातून सुट्टीवर आलेला मुलगा फाईल व्यवस्थित लावून आणतो, पण आजोबा रात्री किती वेळा उठतात हे सुनेला किंवा दिवसभर सांभाळणाऱ्या मावशींना माहीत असतं. त्या आल्या नाहीत तर निदान अर्धवट राहतं.

रुग्णासमोर ‘आई भांडते, चोरीचा आळ घेते’ असं बोलणं जड जातं. म्हणून एका कागदावर लिहून आणा: पहिलं काय बिघडलं (आठवण, बोलणं, वागणं की चालणं), अंदाजे कधी, नंतर काय, आणि हळूहळू की पायरीपायरीने. हा क्रम फार बोलका असतो. आठवण आधी गेली आणि स्वभाव टिकला तर आम्ही अल्झायमर, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा सर्वात नेहमीचा प्रकार, या दिशेने विचार करतो. पन्नाशी-साठीतल्या माणसाची लाजलज्जा आधी सुटली, गोड खाणं सुटेना झालं आणि आठवण मात्र बरी, तर कपाळामागचा भाग झिजण्याचा आजार असू शकतो. भिंतीवर मुलं बसलेली दिसतात, झोपेत हातपाय झाडतात, दिवसादिवसाला फरक पडतो, हालचाली संथ झाल्यात, तर ल्युई बॉडी नावाचा स्मृतिभ्रंशाचा प्रकार. पक्षाघाताचा एक झटका, मग थोडी स्थिरता, मग पुन्हा एक पायरी खाली, असं असेल तर रक्तवाहिन्यांकडे पाहावं लागतं.

औषधांची यादी नको, पिशवी आणा. चालू-बंद सगळी पाकिटं, चूर्ण, काढे, झोपेची गोळी, सर्दीची गोळी. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, लघवी आवरण्यासाठीचं ऑक्सिब्युटिनिन, नैराश्यासाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलं जाणारं ॲमिट्रिप्टिलिन, कंपासाठीचं ट्रायहेक्सिफेनिडिल, झोपेसाठीचं अल्प्राझोलॅम, ही सगळी स्मरणशक्ती मंदावतात. मात्र यातली कुठलीही स्वतःहून बंद करू नका. अल्प्राझोलॅम तर एकदम थांबवल्यास फिट येऊ शकते.

बी-१२ चं इंजेक्शन तपासणीआधी घेऊ नका. घेतल्यावर पातळी फुगलेली दिसते आणि आधी कमतरता होती का हे कळायची वाट बंद होते. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी किमान दोन दिवस थांबवा. त्या थायरॉइडचा अहवाल फसवा दाखवू शकतात.

चष्मा आणि श्रवणयंत्र हवंच, सेल तपासून. नाहीतर आमची चाचणी स्मृतीची न होता कानाची होते. जुन्या स्कॅनचा नुसता अहवाल पुरत नाही, फिल्म किंवा सीडी आणा. आणि रिक्षात बसून आजींकडून आजची तारीख पाठ करून घेऊ नका. प्रेमापोटी होतं हे, पण त्याने निदान लांबतं.

इथे काय होतं

पहिल्या भेटीला सव्वा तास धरा. सुरुवातीची वीसेक मिनिटं आम्ही नातेवाइकांशी वेगळं बोलतो, मग रुग्णाशी. त्यानंतर डोळ्यांची हालचाल, हातापायांचा ताठरपणा, कंप, आणि चाल. पाय जमिनीला चिकटल्यासारखी छोटी पावलं, सोबत लघवीवर ताबा नसणं आणि मंदपणा हे तीन एकत्र दिसले तर मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साठलं आहे का ते पाहतो. निवडक रुग्णांत नळी बसवून यावर उपाय होतो, आणि सर्वात आधी चाल सुधारते.

मग तीस गुणांची लेखी-तोंडी चाचणी. पाच शब्द सांगतो आणि पाच मिनिटांनी विचारतो. नुसतं किती आठवले यापेक्षा इशारा दिल्यावर आठवतात का, हे महत्त्वाचं. ‘एक फूल होतं’ म्हटल्यावर शब्द आला, तर साठवण ठीक आहे, काढताना अडतं. नैराश्यात आणि रक्तवाहिन्यांच्या आजारात असं दिसतं. इशाऱ्यानेही आला नाही, उलट कधी न सांगितलेलाच शब्द आला, तर आठवण साठलीच नाही. ही अल्झायमरची खूण. घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगतो तेही उगाच नाही: मोठा काटा दोनवर न्यायचा असतो, पण ज्याच्या मेंदूचा लगाम सैल झाला आहे तो ‘दहा’ ऐकून दहाच्या आकड्याकडे ओढला जातो.

गुणांचा अर्थ शिक्षणावर ठरतो. चौथीपर्यंत शिकलेल्या आजींचे १९ गुण निरोगी असू शकतात आणि निवृत्त प्राध्यापकांचे २७ काळजीचे. शाळेची पायरीच न चढलेल्यांना १०० मधून ७ वजा करत जायला सांगणं निरर्थक आहे; त्यांना आम्ही वार उलटे म्हणायला सांगतो. तारखेऐवजी तिथी सांगितली तरी बरोबर धरतो. घरात कोकणी किंवा कानडी बोलत असाल तर वेळ घेतानाच कळवा.

रक्ताच्या तपासण्यांत हिमोग्लोबिन आणि पेशी, साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), यकृत, सोडियम, कॅल्शियम, टीएसएच (थायरॉइडसाठी), बी-१२ असतात; गरजेनुसार एचआयव्ही आणि सिफिलिस. शाकाहारी, अनेक वर्षं मधुमेहाचं मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी घेणारे, यांच्यात बी-१२ कमी सापडायची शक्यता जास्त. ते भरून काढणं सोपं आहे. पण ‘बी-१२ दिलं की सगळं परत येईल’ असा शब्द आम्ही देत नाही. कमतरता आणि अल्झायमर एकाच माणसात शेजारी शेजारी असू शकतात.

एमआरआय अर्ध्या-पाऊण तासाचा. पेसमेकर असेल तर आधी सांगा. त्यात आम्ही प्रथम भलतं काही नाही ना ते बघतो: गाठ, पाणी, छोटे झटके, कवटीखाली साचलेलं रक्त. न्हाणीघरात घसरून किरकोळ डोकं आपटलं आणि महिन्याभराने गोंधळ सुरू झाला, असं विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांत होतं. ते रक्त काढल्यावर माणूस पूर्ववत होऊ शकतो. त्यानंतर हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी साठवणारा भाग, किती आकसला आहे ते पाहतो. अहवालातलं ‘वयानुरूप मेंदू आकसला आहे’ हे वाक्य निदान नव्हे, आणि स्वच्छ एमआरआय म्हणजे आजार नाही असंही नव्हे.

औषधं

अल्झायमर बरा करणारं औषध आज नाही. जी आहेत त्यांतली बहुतेक मेंदूतल्या ॲसिटिलकोलीन या आठवणीसाठी लागणाऱ्या रसायनाची उणीव थोडी भरून काढतात. काही जणांची काही महिन्यांची घसरण त्याने पुढे ढकलली जाते. म्हणून ‘फरक पडला नाही’ म्हणून सहा आठवड्यांत गोळी बंद करू नका. होती तशीच स्थिती राहणं हाही परिणामच आहे.

डोनेपेझिल ५ मिलिग्रॅम, रात्री. चार ते सहा आठवड्यांनी सोसलं तर १०. आधी ईसीजी, कारण नाडी मंदावते. मळमळ, जुलाब, भूक कमी होणं पहिल्या काही दिवसांत होऊन बहुधा ओसरतं. भयानक स्वप्नं पडली तर गोळी सकाळी द्या. चक्कर येऊन पडणं किंवा नाडी पन्नासच्या खाली गेली तर पुढची गोळी न देता लगेच फोन करा.

गोळीने पोट फारच बिघडलं तर रिव्हास्टिग्मिनचा पॅच, म्हणजे त्वचेवर चिकटवायची औषधी पट्टी. ४.६ मिलिग्रॅमने सुरुवात, चार आठवड्यांनी ९.५. यात घडणारी सर्वात धोकादायक चूक म्हणजे जुना न काढता नवा लावणं. दोन-तीन पॅच एकाच वेळी अंगावर राहिले की उलट्या होऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. जुना काढा, दुमडून टाका, मग नवा लावा. जागा रोज बदला, तीच जागा चौदा दिवसांत पुन्हा नको. पाठीवर लावला तर रुग्णाला उपटता येत नाही.

मेमँटिन मध्यम टप्प्यापासून. ५ मिलिग्रॅमने सुरू करून दर आठवड्याला ५ वाढवत २० पर्यंत. मूत्रपिंड कमजोर असेल तर कमी.

एक साखळी आमच्याकडे वारंवार दिसते. डोनेपेझिलने लघवीची घाई वाढते, घरचे दुसऱ्या डॉक्टरांकडे जातात, तिथून लघवी आवरण्याची गोळी मिळते, आणि ती गोळी डोनेपेझिलच्या नेमकं उलट काम करते. दोन्ही औषधं एकमेकांना खोडतात, रुग्ण जास्त गोंधळतो. कुठल्याही दवाखान्यात जाताना आमची चिठ्ठी सोबत ठेवा. ल्युई बॉडीच्या रुग्णाला तर भास किंवा आक्रस्ताळेपणा शमवणारी हॅलोपेरिडॉलसारखी औषधं दिल्यास शरीर लाकडासारखं ताठू शकतं. त्यांच्या फाईलवर आम्ही लाल शिक्का मारतो, तो दाखवाच.

स्मरणशक्तीच्या टॉनिकांनी स्मृतिभ्रंश थांबल्याचा भरवशाचा पुरावा नाही. नव्या प्रतिपिंड (अँटिबॉडी) औषधांपैकी लेकानेमॅबला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. अठरा महिन्यांच्या चाचणीत घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. मात्र ती अगदी सुरुवातीच्या टप्प्यासाठी आहेत, शिरेतून द्यावी लागतात, मेंदूला सूज आणि रक्तस्रावाचा धोका असल्याने पुन्हा पुन्हा एमआरआय करावा लागतो. आजार पुढे गेल्यावर त्यांचा उपयोग नाही.

घरात

वागणं एकाएकी बिघडलं तर आधी पोट साफ आहे का, लघवीला जळजळ, दाढ किंवा गुडघा दुखतो का, हे पाहा. दुखणं सांगता येत नाही तेव्हा माणूस ओरडतो. स्वतःच्याच घरात बसून संध्याकाळी ‘मला घरी जायचंय’ सुरू झालं, तर ‘हेच घर आहे’ हा वाद जिंकता येत नाही. चहा पिऊन निघू म्हणा, दिवे लवकर लावा, अंगणात एक फेरी मारून आणा. स्वयंपाकघरात कोणी नसताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद असू द्या. बाहेर जाण्याची ओढ असेल तर खिशात नको, कपड्याच्या आत फोन नंबर शिवा. खिसे रिकामे होतात.

कागदपत्रं, लवकर

हा भाग टाळू नका. कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) करून ठेवलं की झालं असं बहुतेकांना वाटतं. भारतीय करार कायद्याप्रमाणे, ते देणारी व्यक्ती मानसिकदृष्ट्या अक्षम झाली की मुखत्याराचा अधिकार संपतो, म्हणजे नेमकी गरज लागते तेव्हाच. बँकेतलं नामनिर्देशन तर मृत्यूनंतरच कामाला येतं. मग उरतो उच्च न्यायालयाकडून पालक नेमून घेण्याचा मार्ग, तो वेळखाऊ आहे. निदान सौम्य टप्प्यात झालं असेल तर खातं ‘दोघांपैकी कोणीही’ पद्धतीचं संयुक्त करा, मृत्युपत्र करा, आणि सहीच्या दिवशीच डॉक्टरांचं सक्षमतेचं प्रमाणपत्र घ्या. मागाहून घेतलेलं प्रमाणपत्र वादात टिकवणं अवघड जातं. कायदेशीर मसुदा वकिलांकडूनच.

सांभाळणाऱ्याची झोप मोडली, चिडचिड वाढली, तर टेली-मानसला १४४१६ वर कधीही फोन करता येतो. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी एल्डरलाइन १४५६७. दोन्ही मोफत.

औषध सुरू केल्यावर पहिली फेरतपासणी सहा आठवड्यांनी, नंतर दर सहा महिन्यांनी. प्रत्येक वेळी वजन करतो. सहा महिन्यांत तीन-चार किलो उतरलं असेल तर मात्रा कमी करावी लागते, म्हणून घरीही महिन्यातून एकदा त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहून ठेवा आणि ती वही आणा.